सगळे म्हणतात थांबून बघू, पण नातीचा डावा हात मागे राहतोय

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत)

एका आजींनी लिहिलंय. नात दहा महिन्यांची, दिवस भरायच्या सहा आठवडे आधी जन्मलेली. हसरी आहे, माणसं ओळखते, आवाज दिला की वळते. पण समोर काहीही धरलं की उजवा हातच पुढे येतो. डावा कोपरात दुमडलेला, मूठ मिटलेली, अंगठा मुठीच्या आत. खेळणं मुद्दाम डावीकडे ठेवलं तरी सगळं अंग वळवून उजव्याने घेते. घरात याचं कौतुकच, 'पक्की उजवी आहे'. आजींनी एकदा विषय काढला तर मुलगा म्हणाला, 'आई, ती आधी जन्मलीय, उशीर होणारच. लहान जिवाला आत्तापासून थेरपी वगैरे कशाला, वर्षाची होऊ दे मग बघू.' सून काहीच बोलली नाही. लस द्यायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी वजन बघितलं आणि छान आहे म्हणाले. आजींचं म्हणणं, 'बोलले तर सुनेला वाटेल मी तिच्या लेकीत खोट काढतेय, नाही बोलले तर रात्री झोप लागत नाही. थांबलं तर खरंच काही बिघडतं का?' पत्राच्या शेवटी जाता जाता एक ओळ आहे, सून हल्ली झबलं घालताना आधी डावा हात बाहीत घालते, तसं केलं की सोपं जातं म्हणे.

उत्तर

काकू,

आधी सरळ उत्तर देते, नाहीतर शेवटपर्यंत तुमचा जीव टांगणीला लागेल. तुमची शंका उगाच नाहीये. बोला. आणि वर्षाची होईपर्यंत थांबू नका, या एक-दोन आठवड्यात तिला बालरोगतज्ज्ञांकडे न्या, ते पण फक्त या एका कारणासाठी, लसीच्या गडबडीत नाही.

आता का ते सांगते. पहिल्या वर्षात बाळ साधारणपणे दोन्ही हात सारखेच वापरतं, जो जवळ असेल तो पुढे येतो. उजवं की डावखुरं हे दीड-दोन वर्षांनंतर दिसायला लागतं आणि पक्कं व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणून वर्षाच्या आत एखादं बाळ कायम एकच हात वापरत असेल तर विकासतज्ज्ञ 'वा, उजवी आहे' असं म्हणत नाहीत, ते दुसऱ्या हाताकडे बघतात, की तो का येत नाहीये. गंमत म्हणजे (गंमत कसली!) तुमची नात डावा हात वापरत असती ना, तर कोणीतरी लगेच हटकलं असतं. उजवा वापरते म्हणून सगळे खूश. माझ्या मते अशी बाळं उशिरा लक्षात यायचं हे एक मोठं कारण आहे, जे दिसतं ते आपल्याला हवंहवंसंच असतं.

मुलाचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, तेवढं त्याला कबूल करा, नाहीतर तो ऐकणार नाही. आधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जेवढे आठवडे लवकर आलं तेवढे वजा करतात, साधारण दोन वर्षांपर्यंत असंच करतात. म्हणजे तुमची नात विकासाच्या हिशोबाने दहा नाही, साडेआठ महिन्यांच्या आसपासची. बसायला, रांगायला थोडी मागे असेल तर या हिशोबात ते बसतं. पण ही वजाबाकी दोन्ही हातांना सारखीच लागू होते ना? लवकर जन्मल्यामुळे उशीर झाला असेल तर दोन्ही हातांना व्हायला हवा होता. एक हात वेळेवर आणि एक मागे, हे लवकर जन्मण्याच्या हिशोबात बसत नाही. मुलाला एवढं एकच वाक्य सांगितलंत तरी मला वाटतं त्याचं काम होईल.

कारण काय असेल ते मी इथून सांगू शकत नाही, आणि व्हॉट्सॲपवर कोणी सांगितलं तर त्याचंही ऐकू नका. जन्माच्या वेळी खांद्याजवळची नस ताणली गेली असेल, किंवा जन्माच्या आसपास मेंदूच्या एका बाजूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला असेल, ज्याला तान्ह्या बाळाचा स्ट्रोक म्हणतात. हा शब्द वाचून घाबरू नका, पण तो होतो, आणि बऱ्याच वेळा जन्मानंतर बाळ अगदी नॉर्मल दिसतं, घरी येतं, दूध पितं, आणि चार-सहा महिन्यांनी हात पुढे करायची वेळ आली की एक हात येत नाही तेव्हा पहिल्यांदा कळतं. म्हणजे 'जन्मली तेव्हा तर सगळं ठीक होतं' हे खरं असूनही त्याने काही सिद्ध होत नाही. आणि कधी कधी तपासून काहीच निघत नाही. तेही होऊ शकतं, मग बरंच.

तुमचा खरा प्रश्न हा आहे की थांबलं तर काय बिघडतं.

थांबणं म्हणजे काहीच न करणं, म्हणून त्यात धोका नाही, असं आपण धरून चालतो. बाळाच्या मेंदूला हे लागू होत नाही, तो थांबून राहत नाही. जन्माला येताना मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागातून दोन्ही बाजूंच्या स्नायूंकडे जाणारे रस्ते असतात. पहिल्या एक-दोन वर्षांत त्यांची छाटणी होते, जे रस्ते जास्त वापरात ते टिकतात, जे कमी वापरात ते मागे घेतले जातात. आता एक हात सतत कामात आणि दुसरा मुठीत, तर ही छाटणी कोणाच्या बाजूने होणार? म्हणजे मूळ इजा वाढत नसली तरी न वापरल्यामुळे त्या हाताचं नुकसान वाढत जातं. शिवाय हात दुमडलेलाच राहिला की हळूहळू स्नायू आखडतात, मग तो सरळ करायला वेगळेच कष्ट.

डोळ्याच्या बाबतीत हे फार आधी सिद्ध झालंय. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीच्या काळात मिटून ठेवला होता, नंतर उघडला तेव्हा डोळा ठणठणीत पण मेंदू त्या डोळ्याने बघायला शिकलाच नव्हता. मोठ्या मांजरांवर तोच प्रयोग केला तर असं झालं नाही. त्यांच्या एकूण कामाला 1981 साली नोबेल मिळालं. आळशी डोळा असलेल्या मुलांच्या चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात ना, ते याच तत्त्वावर. आणि हाताचंही आता तसंच करतात, चांगल्या हातावर मऊ मोजा चढवून दिवसातून साधारण अर्धा तास बाळाला अशी खेळणी देतात की ती मागे पडलेल्या हाताने घ्यावीशी वाटतील, असं सहा-सहा आठवड्यांच्या टप्प्यांत. याला बेबी-सीआयएमटी म्हणतात, तीन-चार महिन्यांच्या बाळांपासून करतात. बहुतेक वेळा आई-बाबाच करतात, थेरपिस्ट शिकवतात आणि मधून मधून बघतात. पण काकू, हे वाचून घरी परस्पर मोजा चढवू नका, किती वेळ, कुठलं खेळणं, कधी थांबायचं हे शिकून घेतल्याशिवाय केलं तर बाळ नुसतं चिडेल आणि त्या हाताचाच राग धरेल.

आता 'लहान जिवाला कशाला त्रास'. हे बोलणारे सगळे मायेने बोलतात, पण थेरपी म्हटलं की त्यांच्या डोळ्यासमोर मशीन, सुया, रडणारं बाळ असतं. दहा महिन्यांच्या बाळाची थेरपी बाहेरून बघितली तर तुम्हाला वाटेल ही बाई नुसती खेळतेय. पोटावर झोपवून डाव्या कोपरावर थोडं वजन येईल असं खेळणं ठेवायचं, एका हातात मावणारच नाही असा मोठा हलका बॉल द्यायचा म्हणजे दुसरा हात आपोआप येतो, तिच्याशी बोलताना डाव्या बाजूला बसायचं. मूठ ओढून उघडायची नाही, ओढलं की ती आणखी घट्ट होते, त्यापेक्षा हाताची पाठ करंगळीच्या बाजूने हळूच कुरवाळली तर बोटं सैल पडतात. तुम्ही करून बघा हे, याला कोणाची परवानगी नको.

आणि एक, दुसऱ्याने हात धरून वर-खाली हलवून देणं आणि बाळाने स्वतः हलवणं यात फार फरक आहे. मेंदू शिकतो तो बाळाने स्वतः काहीतरी मिळवायला केलेल्या धडपडीतून. तेव्हा आठवड्यातून एकदा सेंटरला जाऊन 'व्यायाम करून आणला' एवढ्यावर काम भागत नाही. खरं काम घरात, पाच-पाच मिनिटांचं, कपडे बदलताना, खेळताना, दिवसभर विखुरलेलं. हे ऐकून आया दचकतात की अजून एक काम माझ्याच डोक्यावर. बरोबर दचकतात! म्हणूनच घरात आजी-आजोबा, बाबा सगळ्यांनी शिकून घ्यायचं, एकट्या सुनेवर टाकायचं नाही. तुमच्या मुलालाही पहिल्या सेशनला न्याच, त्याला बाहेर गाडीत बसवून ठेवू नका.

दुसरी एक समजूत असते की आधी आजाराचं नाव कळू दे मग उपचार. तसं नाही चालत हल्ली. सेरेब्रल पाल्सीचं, म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर कायमचा परिणाम होतो त्या स्थितीचं, निदान पूर्वी बाळ एक-दोन वर्षांचं होईपर्यंत लांबवायचे. 2017 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि त्यांच्यासोबतच्या तज्ज्ञांनी सगळा पुरावा एकत्र करून मांडला की योग्य तपासण्या वापरल्या तर सुधारित वयाच्या (लवकर आलेले आठवडे वजा करून मोजलेल्या वयाच्या) सहा महिन्यांच्या आतही हे अचूक ओळखता येतं, आणि नक्की सांगता येत नसेल तरी 'जास्त जोखीम' असं लिहून थेरपी लगेच सुरू करावी. म्हणजे शिक्का बसायच्या आधीच काम सुरू होऊ शकतं. शिक्क्याची भीती मला कळते, पण सहा महिने खेळत व्यायाम केला आणि पुढे काहीच निघालं नाही तर गेलं काय? आणि निघालं, आणि ते सहा महिने वाया गेलेले असतील तर ते कुठून आणणार आपण.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते कारण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'लवकर केलं तर पूर्ण बरी होईल ना?' हे मी नाही सांगू शकत, आणि कोणी शंभर टक्के बरं करतो म्हणालं तर तिथून उठून या. लवकर सुरू केल्याने इजा पुसली जात नाही. डावा हात कदाचित उजव्यासारखा कधीच चालणार नाही, पण कागद धरेल, बटण लावताना मदत करेल, आणि मदतीला हात असणं हे रोजच्या जगण्यात फार मोठं आहे. हायपरबॅरिक ऑक्सिजन (बंद कक्षात जास्त दाबाने दिलेला ऑक्सिजन), स्टेम सेलची पॅकेजं, असलं बरंच काही विकलं जातं, घाबरलेल्या घरांना विकणं सोपं असतं. त्यावर पैसे घालवण्याआधी साधा प्रश्न विचारा, यात माझं बाळ स्वतः काय करणार आहे? उत्तर 'काही नाही, ती नुसती पडून राहील' असं असेल तर विचार करा.

आता सून. तुम्ही लिहिलंय ती काहीच बोलली नाही, आणि तुम्ही त्याचा अर्थ लावलाय की तिला आवडलं नाही. मला तुमच्या त्या शेवटच्या ओळीवरून वेगळं वाटतं. अहो, जो हात जड आहे त्याची बाही आधी घालायची, काढताना शेवटी काढायची, हे थेरपिस्ट मुद्दाम शिकवतात! तिने ते कोणी न शिकवता शोधून काढलंय. म्हणजे तिला माहितीय काकू. कदाचित तुमच्या आधीपासून माहितीय, आणि ती एकटीच ते घेऊन बसलीय, कारण बोललं की ते खरं होईल, आणि आधी जन्मलेल्या बाळांच्या आयांना तसंही कायम वाटत असतं की माझंच काहीतरी चुकलं. तिला खोट दाखवायची गरज नाही, तिला कोणीतरी 'मलाही दिसतंय' म्हणणारं हवंय.

म्हणून बोला, पण तिच्या नवऱ्यासमोर नाही, पाहुण्यांसमोर तर अजिबात नाही, दोघीच असताना. गूगलवरचे शब्द आणू नका. 'मला वाटतं हिला अमुक झालंय' असं न म्हणता जे दिसतं ते सांगा, 'तू डावी बाही आधी घालतेस ते बघितलं मी, मलाही तो हात जरा ताठ लागतो, तुला काय वाटतं?' आणि मग गप्प बसा. तिला बोलू दे. रडली तर रडू दे. आणि 'तुझं काही चुकलेलं नाही' हे मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात म्हणून उपयोग नाही.

डॉक्टरांकडे जाताना फोनवर दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा, कारण दवाखान्यात बाळ एकतर रडतं किंवा आईला चिकटतं, हात कुठला वापरते हे दिसतच नाही. एक खेळणं समोर धरल्यावरचा, एक डावीकडे धरल्यावरचा, एक कपडे घालतानाचा. पायही बघा, डावा पाय लाथ मारायला कमी उचलते का, सरकताना ओढला जातो का. आणि तिथे 'जरा बघा ना' असं मोघम बोलू नका, 'दहा महिन्यांची आहे, सहा आठवडे आधी जन्मली, फक्त उजवा हात वापरते, डावी मूठ उघडत नाही, न्यूरॉलॉजिकल तपासणी कराल का' असं थेट म्हणा. लसीच्या वेळी डॉक्टरांनी छान म्हटलं ते वजनाबद्दल होतं, हाताबद्दल कोणी विचारलंच नव्हतं. तपासूनही 'थांबून बघू' म्हणाले तर विचारा, कशासाठी थांबायचं, नक्की काय बघायचं आणि कुठल्या तारखेला परत यायचं. तारीख आणि कारण असलेलं थांबणं ठीक असतं. दोन्ही नसेल तर दुसरं मत घ्या, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

एक गोष्ट मात्र आठवड्यावर ढकलायची नाही. बाळ झोपेतून उठल्यावर अचानक आत दुमडल्यासारखं करून हात फेकतंय, काही सेकंदांनी परत, परत, असं ओळीने होतंय, किंवा एका बाजूचा हात-पाय झटके देतोय, किंवा येत असलेली गोष्ट करायचं बंद झालंय, तर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी दवाखाना. हे सगळ्याच वाचकांना सांगतेय.

बाकीच्यांसाठीही थोडं, कारण अशी पत्रं हातापुरती नसतात. ऐकण्याबद्दल शंका असेल तर टाळ्या वाजवून घरी टेस्ट करू नका, मूल वाऱ्यानेही वळतं आणि सावलीनेही, मशीनवरची तपासणी करून घ्या. त्यासाठी जगभर 1-3-6 चा नियम वापरतात, एक महिन्याच्या आत स्क्रीनिंग, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू. 1998 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या मुलांवर क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात सहा महिन्यांच्या आत ऐकण्याचा दोष कळलेल्या मुलांची भाषा उशिरा कळलेल्या मुलांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. बोलण्याबद्दल काळजी असेल तर नुसते शब्द मोजत बसू नका. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून 'बघ ना' करतं का, नावाला वळतं का, सांगितलेलं कळतं का, हे जास्त सांगून जातं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे मुलांच्यात मिसळून जातात हे खरंय, पण आपलं मूल त्यातलंच आहे हे आधी सांगता येत नाही, आणि स्पीच थेरपिस्टकडे जाऊन कोणाचं बोलणं बंद झाल्याचं मी ऐकलेलं नाही. डाऊन सिंड्रोमसारखं जन्मतःच कळलेलं असेल तर प्रश्नच नाही, हृदय, थायरॉइड, कान तपासून पहिल्या काही महिन्यांतच सुरुवात.

आणि ज्यांचं मूल चार-पाच वर्षांचं आहे आणि हे वाचून पोटात गोळा आलाय, त्यांच्यासाठी, लवकर म्हणजे आजपासून जितकं लवकर होईल तितकं. मोजा चढवून करायची ही थेरपी शाळेत जाणाऱ्या मुलांवरही भरपूर वापरली गेलीय आणि तिथेही फरक पडतो, फक्त मेहनत जास्त लागते. मागची वर्षं मोजत बसून तुमच्या मुलाचा काही फायदा नाही.

काकू, चांगल्या थेरपिस्टकडे आणि डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियनकडे (बाळाच्या विकासाचे खास डॉक्टर) वेटिंग असतं, कुठेकुठे महिनोन्महिने. त्यामुळे डॉक्टरांची तपासणी व्हायची आहे, मुलगा अजून तयार नाही, हे सगळं चालू असतानाच सुनेला म्हणा फोन करून नाव नोंदवून ठेव. गरज नाही पडली तर अपॉइंटमेंट कॅन्सल करता येते.